गुंठा, आणा, वार अन् सूत : जुन्या मापांचं मीटरमधलं गणित नेमकं कसं करायचं?

नाशिक : प्लॉटच्या जाहिरातीत ‘गुंठा’, सातबाऱ्यावर ‘आर’, खरेदीखतात ‘चौरस मीटर’, आजोबांच्या तोंडी ‘एकर’ आणि भूमी अभिलेख कार्यालयातून काढलेल्या जुन्या टिपणात ‘साखळी-आणे’. जमीन एकच, पण तिची मापं पाच. नाशिक परिसरात जागेचा व्यवहार किंवा भावकीतली वाटणी करणाऱ्या जवळपास प्रत्येक कुटुंबाला या पाच मापांची गाठ पडते. ‘थोडा इकडे तिकडे फरक असतोच’ असं म्हणून अनेक जण पुढे जातात. हा ‘थोडा’ फरक किती असतो, तो कुठून येतो आणि मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर तो दोन मिनिटांत कसा काढायचा, ते समजून घेऊ.

सगळ्याचं मूळ ३३ फुटांत

गुंठा हे क्षेत्रफळाचं माप असलं तरी त्याचा जन्म लांबीच्या मापातून झाला. ते माप म्हणजे मोजणीची साखळी. ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यात जमीन मोजण्यासाठी ३३ फूट लांबीची साखळी वापरली गेली. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद असा चौरस तुकडा म्हणजे एक गुंठा. ३३ गुणिले ३३, म्हणजे १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे मिळून एक एकर, म्हणजे ४३,५६० चौरस फूट.

पण ३३ हा विचित्र आकडा कुठून आला? त्यासाठी इंग्लंडमध्ये जावं लागतं. एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० च्या सुमारास ६६ फुटांची साखळी रूढ केली. तिला १०० कड्या होत्या, म्हणजे प्रत्येक कडी ७.९२ इंचांची. या लांबीची सोय अशी, की १० साखळ्यांचा एक फर्लांग, ८० साखळ्यांचा एक मैल आणि १० चौरस साखळ्यांचा एक एकर होतो. आपल्याकडची ३३ फुटांची साखळी म्हणजे गंटरच्या साखळीची बरोबर अर्धी.

ही लांबी डोळ्यांसमोर आणायची तर क्रिकेटची खेळपट्टी आठवा. स्टंपपासून स्टंपपर्यंत २२ यार्ड, म्हणजेच ६६ फूट, म्हणजेच गंटरची एक साखळी. नाशिकच्या अनंत कान्हेरे मैदानावर रणजीचा सामना पाहिला असेल, तर त्या खेळपट्टीची निम्मी लांबी एका बाजूला आणि तेवढीच दुसऱ्या बाजूला धरा. झाला एक गुंठा.

लांबीत ‘आणे’ कसे आले?

मुंबई इलाख्यातल्या सर्वेक्षणाची घडी १८३० च्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यापासून बसली. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांची नावं त्याच्याशी जोडलेली आहेत. मोजणी करणाऱ्यांना आणि शेतकऱ्यांना सोळा आण्यांचा रुपया पाठ होता. त्यामुळे साखळीचेही सोळा भाग झाले आणि प्रत्येक भागाला नाव पडलं आणा.

३३ फुटांचे १६ भाग केले की एक आणा म्हणजे २.०६२५ फूट, किंवा २४.७५ इंच. मीटरमध्ये सांगायचं तर एक साखळी १०.०५८४ मीटरची आणि एक आणा सुमारे ६२.९ सेंटिमीटरचा. नाणं म्हणून आणा १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आल्यावर मागे पडला. जमिनीच्या जुन्या कागदांवर मात्र तो आजही आहे.

इथे एक खोच लक्षात ठेवायला हवी. आणा हा शब्द दोन अर्थांनी येतो. लांबीचा आणा म्हणजे साखळीचा सोळावा भाग. क्षेत्राचा आणा म्हणजे गुंठ्याचा सोळावा भाग, अर्थात ६८.०६ चौरस फूट. ‘बांधाची लांबी पाच साखळ्या चार आणे’ आणि ‘क्षेत्र पाच गुंठे चार आणे’ या दोन वाक्यांतले आणे वेगळे आहेत. पहिला टेपने मोजता येतो, दुसरा येत नाही.

टिपणावरचं मोजमाप कसं वाचायचं?

टिपण म्हणजे मोजणीच्या वेळी सर्व्हेअरने काढलेला शेताचा हातनकाशा. त्यावर बाजूंची मापं साखळी-आण्यांत असतात. भावाभावांत बांधावरून वाद झाला, की हाच कागद बाहेर निघतो.

एक सोपं उदाहरण घेऊ. समजा, एका आयताकृती तुकड्याची एक बाजू ५ साखळ्या ४ आणे आणि दुसरी ४ साखळ्या ८ आणे आहे.

पहिली पायरी : आण्यांना १६ ने भागा. ४ आणे म्हणजे ०.२५ साखळी, ८ आणे म्हणजे ०.५ साखळी. म्हणजे बाजू झाल्या ५.२५ आणि ४.५ साखळ्या.

दुसरी पायरी : दोन्हींचा गुणाकार करा. ५.२५ × ४.५ = २३.६२५. साखळी ३३ फुटांची असल्याने हा गुणाकार थेट गुंठ्यांत येतो. साखळीची ही सगळ्यात मोठी सोय होती. ०.६२५ ला १६ ने गुणलं की १० येतात, म्हणून क्षेत्र २३ गुंठे १० आणे.

तिसरी पायरी : आज जागेवर टेप लावायची असेल, तर साखळ्यांना १०.०५८४ ने गुणा. बाजू आल्या ५२.८१ मीटर आणि ४५.२६ मीटर. क्षेत्र सुमारे २,३९० चौरस मीटर, म्हणजे २३ आर ९० चौरस मीटर.

आता शेवटचे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. टिपणाच्या हिशेबाने २३ गुंठे १० आणे आणि सातबाऱ्यावर ०.२३.९०. क्षेत्र तेच आहे. पण ‘आधी २३.६२ होतं, आता २३.९० झालं, मग वाढीव जागा कुणाची?’ असा प्रश्न एखाद्याच्या मनात येऊ शकतो. जागा वाढलेली नाही, फक्त एकक बदललं आहे.

गुंठा आणि आर एकच का?

नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे १,०७६.३९ चौरस फूट. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, म्हणजे १,०८९ चौरस फूट. दोघांत साडेबारा चौरस फुटांचा फरक आहे. टक्क्यांत तो १.१७ इतकाच दिसतो आणि म्हणूनच बोलताना ‘आर म्हणजे गुंठाच’ असं सर्रास म्हटलं जातं.

एका हेक्टरमध्ये १०० आर असतात. पण गुंठे १०० नसतात, ९८.८४ असतात. एखाद्याने सातबाऱ्यावरचा एक हेक्टर ‘शंभर गुंठे’ समजून पैसे मोजले, तर त्याच्या हिशेबात सुमारे १,२६१ चौरस फूट जागा अशी असते, जी प्रत्यक्षात नाही. म्हणजे सव्वा गुंठ्याच्या आसपास जागा फक्त बोलण्यात गेली.

शहरालगतच्या प्लॉटमध्ये हा फरक पैशांत पाहा. समजा, दर २,००० रुपये चौरस फूट आहे. गुंठ्याच्या दराने आर विकला, तर घेणाऱ्याचे सुमारे २५ हजार रुपये जास्त जातात. आणि बोलीभाषेत ‘गुंठा म्हणजे हजार फूट’ असं म्हणत प्रत्यक्षात हजारच चौरस फूट दिले, तर ८९ चौरस फूट कमी, म्हणजे १ लाख ७८ हजार रुपयांचा फरक. म्हणून व्यवहार ठरवताना गुंठ्याचा भाव ऐकला, तरी कागदावर चौरस मीटर किती लिहिणार हे आधी विचारा. नोंद त्याच आकड्याची होते.

सातबाऱ्यावरचा आकडा दशांश नाही

शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर या क्रमाने असतं. ०.४०.४७ याचा अर्थ शून्य हेक्टर, ४० आर, ४७ चौरस मीटर. एकूण ४,०४७ चौरस मीटर, म्हणजे बरोबर एक एकर.

१.०५.०० आणि १.५०.०० या दोन आकड्यांत मोठी दरी आहे. पहिला एक हेक्टर पाच आर, दुसरा एक हेक्टर पन्नास आर, म्हणजे दीड हेक्टर. ‘एक पॉइंट पाच’ असं तोंडी सांगितलं, की ऐकणारा यातला कोणताही अर्थ घेऊ शकतो. बोलताना ‘एक हेक्टर पाच आर’ असं पूर्ण म्हणणं उत्तम. शिवाय पोटखराबा धरून एकूण क्षेत्र आणि लागवडीयोग्य क्षेत्र हे दोन वेगळे आकडे असतात. रूपांतर करण्याआधी आपण कोणत्या आकड्याबद्दल बोलतोय ते ठरवा.

३.२८ ने गुणून का चालत नाही?

एक मीटर म्हणजे ३.२८ फूट हे अनेकांना पाठ असतं. त्यामुळे चौरस मीटरचे चौरस फूट करतानाही तोच आकडा वापरला जातो. ५० चौरस मीटरच्या फ्लॅटचे असे १६४ चौरस फूट निघतात. खरं उत्तर आहे ५३८.

कारण सोपं आहे. चौरस मीटरच्या दोन्ही बाजू बदलतात, म्हणून ३.२८ ने दोनदा गुणावं लागतं. नेमका आकडा १०.७६४. महारेराच्या नोंदणीत चटई क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं आणि विक्री कार्यालयात बोलणं चौरस फुटांत. तिथे हा एक आकडा फोनमध्ये लिहून ठेवला तरी पुरे.

घनफळाला तीनदा गुणावं लागतं. याचाच दुसरा अर्थ असा, की लांबी मोजताना एक टक्का चूक झाली, तर क्षेत्रफळात ती दोन टक्के होते आणि घनफळात तीन टक्के.

बांधकामावर अजूनही ‘सूत’

ड्रॉइंगवर मिलिमीटर आणि साइटवर सूत, हे चित्र सगळीकडे दिसतं. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत ३.१७५ मिलिमीटर. सळईच्या दुकानात ‘तीन सूत’ मागितली की १० मिमीची मिळते, ‘चार सूत’ची १२ मिमी, ‘पाच सूत’ची १६ मिमी आणि ‘आठ सूत’ची २५ मिमी.

पण नेमकं गणित केलं तर तीन सूत होतात ९.५ मिमी, चार सूत १२.७, पाच सूत १५.९ आणि आठ सूत २५.४ मिमी. म्हणजे ही नावं जवळच्या मापाला चिकटलेली आहेत, ते काटेकोर रूपांतर नाही. सळयांच्या आयएस १७८६ या भारतीय मानकात मापं मिलिमीटरमध्येच आहेत.

फरक पडतो चार सुतांत. सळईची ताकद तिच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते आणि ते व्यासाच्या वर्गाने बदलतं. १२.७ ऐवजी १२ मिमीची सळई घेतली, तर व्यास साडेपाच टक्क्यांनी कमी होतो, पण पोलाद जवळजवळ ११ टक्क्यांनी कमी होतं. नकाशावर १२ मिमी लिहिलं असेल, तर चार सूत म्हणून आणलेली सळई योग्यच. पण जुन्या नकाशावर अर्धा इंच लिहिलेलं असेल आणि त्यावर आता मजला चढवायचा असेल, तर ‘अर्धा इंच म्हणजे बारा’ असं धरून चालत नाही. तिथे अभियंत्याकडून नवा हिशेब करून घ्यावा.

वजन तपासायलाही एक सूत्र आहे, जे साइटवरच्या सुपरवायझरला तोंडपाठ असतं : व्यासाचा मिमीमधला वर्ग भागिले १६२, उत्तर किलो प्रतिमीटर. १२ मिमीची १२ मीटर लांब सळई सुमारे १०.६७ किलोची. तिला खरोखर अर्धा इंच धरून अंदाजपत्रक केलं, तर वजन ११.९५ किलो येतं. एका सळईमागे सव्वा किलोहून जास्त फरक. घराच्या एका स्लॅबला अशा किती सळया लागतात, हे ज्याने घर बांधलंय त्याला सांगायला नको.

येवल्याची नऊवारी किती मीटरची?

वार म्हणजे यार्ड, म्हणजे तीन फूट. १९५९ मध्ये इंग्रजी भाषक देशांनी एक यार्ड म्हणजे नेमका ०.९१४४ मीटर असं ठरवलं. त्या हिशेबाने नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर आणि सहा वार म्हणजे ५.४९ मीटर. येवल्यात पैठणी घ्यायला गेलात, तर ‘नऊवारी’ हे नाव आहे आणि बिलावरची लांबी मीटरमध्ये. ‘नऊवारी म्हणजे नऊ मीटर’ असं समजून दुसरं कापड जुळवायला गेलं, तर पाऊण मीटरहून जास्त अंतर पडतं. ब्लाउजपीस लांबीत धरला आहे का, हेही विचारून घ्यावं.

प्लॉटमध्येही वार येतो, तो चौरस वार असतो. एक चौरस वार म्हणजे ९ चौरस फूट. २०० वारांचा प्लॉट म्हणजे १,८०० चौरस फूट. आणि एक गुंठा बरोबर १२१ चौरस वारांचा.

इंग्रजांआधी काय होतं?

साखळीआधी आपल्याकडे काठी होती. पाच हात पाच मुठींची एक काठी, वीस चौरस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा एक बिघा आणि १२० बिघ्यांचा एक चाहूर. कोष्टक नेटकं आहे, पण अडचण पहिल्याच पायरीवर आहे : हात कुणाचा? हात बदलला की काठी बदलते आणि काठी बदलली की बिघा तिच्या वर्गाने बदलतो. म्हणूनच बिघ्याचं एकच ठरलेलं माप नाही. गुजरात किंवा मध्य प्रदेशात जमीन पाहणाऱ्या नाशिककरांनी ‘एक बिघा म्हणजे किती’ हे इंटरनेटवरच्या पहिल्या उत्तरावर सोडू नये. त्या गावातल्या नोंदीत किती चौरस मीटर आहेत, तेच विचारावं.

अंतराच्या कोसाचंही असंच. साधारण दोन मैल, म्हणजे तीन-सव्वातीन किलोमीटर, असा तो धरला जातो. आपण बातम्यांत लिहितो त्या ‘पंचक्रोशी’त हाच कोस दडलेला आहे. तिथे मात्र कुणी टेप लावत नाही आणि लावायची गरजही नाही.

फूट तरी एकच आहे का?

आंतरराष्ट्रीय फूट म्हणजे नेमका ०.३०४८ मीटर. पण अमेरिकेत जमीन मोजणीसाठी ‘सर्व्हे फूट’ नावाचा वेगळा फूट होता : १,२०० भागिले ३,९३७ मीटर. दोघांत फरक दहा लाखांत दोन भाग. प्लॉटवर तो दिसणारही नाही, पण शेकडो किलोमीटरच्या नकाशांत तो जमा होतो. शेवटी २०२२ च्या अखेरीस अमेरिकेने तो बंद केला. भारतात सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातला फूटही आजच्या फुटापेक्षा किंचित वेगळा होता. घरगुती व्यवहारात ०.३०४८ हा एकच आकडा पुरेसा आहे.

धरणाचं पाणी आणि दुतोंड्या मारुती

पावसाळ्यात नाशिककरांची गाठ आणखी दोन मापांशी पडते : दलघफू आणि क्युसेक. दलघफू म्हणजे दशलक्ष घनफूट. एका घनफुटात २८.३२ लिटर पाणी मावतं, म्हणून एक दलघफू म्हणजे २ कोटी ८३ लाख लिटर. ५,६३० दलघफू क्षमतेचं गंगापूर धरण भरलं, की त्यात सुमारे १५,९४२ कोटी लिटर पाणी असतं. असे १,००० दलघफू म्हणजे एक टीएमसी.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. एक हजार क्युसेकचा विसर्ग म्हणजे सेकंदाला २८ हजार लिटरहून जास्त पाणी. तोच विसर्ग २४ तास सुरू राहिला, तर ८६.४ दलघफू पाणी वाहून जातं. जायकवाडीकडे किती पाणी गेलं, याचा अंदाज या एका आकड्यावरून घरबसल्या काढता येतो.

आणि तरीही गोदावरीला पूर आला, की जुना नाशिककर विचारतो, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं? पायाला, कमरेला, छातीला की गळ्याला? हेही लांबीचंच माप आहे, फक्त त्याला आकडा नाही. क्युसेक सांगतो किती पाणी येतंय, मारुती सांगतो ते कुठवर चढलंय. यातलं एक माप दुसऱ्यात सरळ गुणाकाराने बदलता येत नाही, कारण उंची पात्राच्या रुंदीवर, उतारावर आणि खाली पाणी किती तुंबलंय यावरही अवलंबून असते. घाटावरच्या दुकानदाराला सामान कधी हलवायचं हे ठरवायला दोन्ही मापं लागतात.

हे आकडे जवळ ठेवा

• १ साखळी = ३३ फूट = १६ आणे = १०.०५८४ मीटर
• १ गुंठा = १,०८९ चौरस फूट = १२१ चौरस वार = १०१.१७ चौरस मीटर
• १ आर = १०० चौरस मीटर = १,०७६.३९ चौरस फूट
• १ एकर = ४० गुंठे = ४०.४७ आर
• १ हेक्टर = १०० आर = ९८.८४ गुंठे = २.४७ एकर
• १ चौरस मीटर = १०.७६४ चौरस फूट
• १ वार = ३ फूट = ०.९१४४ मीटर
• १ सूत = ३.१७५ मिलिमीटर

हिशेब करताना काय पाळायचं?

इंजिनीअरिंगच्या पहिल्याच सत्रात एक सवय लावली जाते : आकड्यापुढे एकक लिहिल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही. जागेच्या व्यवहारातही तेच करा. ‘साडेदहा’ असं न लिहिता ‘१०.५ गुंठे’ किंवा ‘१०.५ आर’ असं लिहा. दुसरं, मधल्या पायऱ्यांत आकडे गोल करू नका, शेवटी एकदाच करा. तिसरं, उलटा हिशेब करून पाहा. गुंठ्यांचे चौरस मीटर केलेत, तर त्यांचे पुन्हा गुंठे करा. मूळ आकडा आला, तर गणित बरोबर.

वजनमाप कायदा, २००९ नुसार देशातली अधिकृत मापं मेट्रिकच आहेत. बोलण्यातला गुंठा आणि वार त्यामुळे जाणार नाही, जायचं कारणही नाही. पण सही करण्याआधी सातबारा, मोजणी नकाशा आणि खरेदीखताचा मसुदा शेजारी ठेवा, तिन्ही आकडे चौरस मीटरमध्ये आणा आणि ते जुळतात का पाहा. रूपांतर नीट करूनही आकडे जुळत नसतील, तर प्रश्न गणिताचा नाही, जागेचा आहे. अशा वेळी तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीसाठी अर्ज करावा आणि मोजणी झाल्यावरच पुढचा हप्ता द्यावा.